अमेरिकेतली आजारपणाची वर्गणी: हेल्थशेअर घेण्याआधी काय तपासावं

मार्च उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. ओहायोत मी छोट्या धंद्यांच्या हिशेबाची कामं करते, त्यामुळे करभरणीच्या दिवसांत मराठी मंडळातल्या अर्ध्या लोकांची मी 'ताई' होते. अलीकडे करांचं बोलणं संपलं की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, ते ख्रिश्चन लोकांचं हेल्थशेअर का काय असतं, ते विम्याच्या निम्म्या पैशात मिळतं म्हणे. घेऊ का?" मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. नवऱ्याने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा आम्ही चार वर्षं अशा एका संस्थेचे सभासद होतो. म्हणून हा प्रश्न माझ्याच गळ्यात पडतो. दर वेळी तेच तेच बोलून घसा बसतो, तेव्हा एकदाच सगळं लिहून काढते.

हे आहे तरी काय

पूर्ण नाव हेल्थ केअर शेअरिंग मिनिस्ट्री. एका श्रद्धेची माणसं दरमहा ठरलेली रक्कम काढतात आणि त्यातून आजारी पडलेल्या सभासदांची बिलं भागवली जातात. गावात कुणाचं घर जळालं की वर्गणी काढतात, तसंच हे. फरक एवढाच की ही वर्गणी बारमाही आहे आणि तिला ऑफिस, वेबसाइट आणि कॉल सेंटर आहे. याला भिशी समजू नका. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो, इथे नंबर न लागलेलाच बरा.

कल्पना जुनी आहे. ओहायोतल्या होम्स काउंटीत आमिश लोकांची, म्हणजे आधुनिक सोयींपासून लांब राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, मोठी वस्ती आहे. हे लोक विमा घेत नाहीत, आणि १९६५ सालापासून कायद्याने त्यांना सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेतूनही सूट मिळू शकते. एकाच्या घरी मोठं आजारपण आलं की मंडळी पैसे गोळा करते. तिथे एका लहान मुलीच्या हॉस्पिटलच्या बिलासाठी भरलेला लिलाव मी पाहिला आहे. हाताने शिवलेल्या गोधड्या एकेक करून वर धरत होते, पुढच्या रांगेतले दाढीवाले शेतकरी मान हलवून बोली वाढवत होते, आणि मागे बायका 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ विकत होत्या. शेजारी बसलेल्या बाईला मुलीचं नाव, आजार, डॉक्टर, सगळं पाठ होतं.

गलतीकरांस पत्रातल्या 'एकमेकांची ओझी वाहा' या वचनावर आजच्या मोठ्या संस्था उभ्या आहेत. ओहायोतल्या बार्बर्टनची ख्रिश्चन हेल्थकेअर मिनिस्ट्रीज १९८१ पासून आहे, फ्लोरिडातली मेडी-शेअर १९९३ पासून, इलिनॉयमधल्या पिओरियाची समॅरिटन मिनिस्ट्रीज १९९४ पासून. समॅरिटनचे सभासद कितीतरी वर्षं एकमेकांना थेट टपालाने चेक पाठवायचे, सोबत 'तुमच्यासाठी प्रार्थना करतोय' अशी चिठ्ठी. कॅथलिकांसाठी सॉलिडॅरिटी हेल्थशेअर आहे, ज्यूंसाठी युनायटेड रेफुआ. पण होम्स काउंटीतल्या त्या बाईला मुलगी माहीत होती. मोठ्या संस्थेच्या ऑफिसात तुमची फाइल जिच्यासमोर उघडते तिला तुमचा सभासद क्रमांक माहीत असतो. ही कल्पना लाखो माणसांवर पसरली की हे होणारच, त्यात कुणाची लबाडी नाही. पण जाहिरातीतला लिलाव पाहून कॉल सेंटरकडून तसली अपेक्षा ठेवू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. विमा कंपनी तुमच्याशी करार करते. तिने पैसे नाकारले तर अपील आहे, राज्याचं विमा खातं आहे, कोर्ट आहे. हेल्थशेअर कसलंच वचन देत नाही. 'हा विमा नाही, तुमच्या बिलांची जबाबदारी सर्वस्वी तुमचीच राहील' अशा अर्थाची सूचना त्यांच्या कागदांवर छापलेली असते, आणि कितीतरी राज्यांत ती छापावीच लागते. जवळजवळ ३० राज्यांनी या संस्थांना विमा कायद्यातून वगळलं आहे. तुमचं बिल भागवणं हे त्यांचं सत्कर्म आहे, तुमचा हक्क नाही. पुढचं सगळं या एका वाक्याच्या उजेडात वाचा.

पायरी पहिली: मुळात याची गरज आहे का

मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न इथेच मिटतो.

नवरा-बायकोपैकी एकाच्याही नोकरीत विमा असेल तर तो घ्या, विषय संपला. नोकरी नुकतीच गेली असेल तर कोब्रा आहे. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीचा जुना विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो. हप्ता पूर्ण तुमचा, वर २ टक्के, त्यामुळे आकडा बघून भोवळ येते. पण निवड करायला ६० दिवस असतात, आणि त्या मुदतीत कधीही होकार दिला तरी विमा मागच्या तारखेपासून धरला जातो. मधला हप्ता मात्र भरावा लागतो. दोन नोकऱ्यांमधल्या महिन्या-दीड महिन्याच्या फटीसाठी लोक हेल्थशेअरमध्ये उडी मारतात, त्यांना हे ठाऊकच नसतं.

मग मार्केटप्लेस, म्हणजे ओबामाकेअरचा, सरकारी साइटवरून स्वतः घ्यायचा विमा. तिथला मूळ हप्ता बघून घाबरू नका, आधी सवलत किती बसते ते पाहा. २०२१ मध्ये वाढवलेली सवलत २०२५ अखेरपर्यंतच होती. ती संपल्यावर लागणाऱ्या जुन्या नियमात मिळकत दारिद्र्यरेषेच्या चौपटीवर एक डॉलर जरी गेली तरी सवलत शून्य. २०२६ च्या विम्यासाठी चौघांच्या कुटुंबाला ही रेषा १,२८,६०० डॉलरवर येते. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना इथे थोडा हात हलवायला जागा असते. निवृत्तीच्या खात्यात, म्हणजे सेप-आयआरए किंवा सोलो ४०१-के मध्ये, पैसे टाकले की करासाठी धरली जाणारी मिळकत खाली येते आणि सवलत पुन्हा हाती लागू शकते. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी हेल्थशेअरचा फॉर्म भरून ठेवला होता. निवृत्तीच्या खात्याचं गणित मांडल्यावर त्यांना विमाच स्वस्त पडला.

मिळकत बेताची असेल तर मेडिकेड हा कमी मिळकतीच्या लोकांचा सरकारी विमा, आणि निदान मुलांसाठी चिप ही तशीच योजना, हे आधी बघा. ग्रीन कार्डवाल्या मोठ्यांना मेडिकेडसाठी सहसा ५ वर्षं थांबावं लागतं, मुलांना बऱ्याच राज्यांत ती अट नाही.

व्हिसावर असाल तर आणखी एक. जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसाला परराष्ट्र खात्याने आखून दिलेला विमा लागतो, विद्यापीठांच्याही स्वतःच्या अटी असतात. तिथे हेल्थशेअर चालेल असं गृहीत धरू नका.

पायरी दुसरी: श्रद्धेचा कागद

प्रत्येक संस्थेचं एक श्रद्धापत्रक असतं. कुठे ते कडक ख्रिस्ती असतं: त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) विश्वास, तारणाची साक्ष, नियमित उपासनेला जाणं, तंबाखू नाही, नशा नाही, शरीरसंबंध लग्नातच. काही ठिकाणी तुम्ही खरोखर चर्चला जाता अशी पाळकांची सही लागते. कुठे भाषा सैल असते, 'आरोग्याची काळजी घेणं हे माझं नैतिक कर्तव्य आहे' इतपत. झायन किंवा सेडेरा यांच्यासारख्या नव्या संस्थांत कुठल्याही धर्माचा माणूस जाऊ शकतो.

आपल्यातले कित्येक हुशार लोक म्हणतात, "करून टाकू सही, कोण बघायला येतंय!" बघायला येतात, फक्त उशिरा. दोन लाखांचं बिल दारात आलं की फाइल उघडली जाते, आणि अर्जात लिहिलेलं खोटं निघालं तर सभासदत्व सुरुवातीपासून रद्द करायला त्यांना निमित्त मिळतं. पोटाचं दुखणं घेऊन पडलेलं असताना 'तुमच्या पाळकसाहेबांचा नंबर द्या' असा फोन आला तर काय करणार? आणि ख्रिस्ती म्हणून माझंही एक म्हणणं आहे. त्या कागदावर लिहिलेलं आमच्यासाठी खरं आहे. स्वस्त पडतं म्हणून त्यावर सही करू नका.

विश्वासणारे असाल तरी कागद नीट वाचा. घरात तरुण मुलगी-मुलगा असेल तर जास्तच. लग्नाबाहेरचं गरोदरपण, दारू पिऊन झालेला अपघात, गुप्तरोग, व्यसनमुक्तीचे उपचार, यांतलं बरंचसं बहुतेक संस्था वर्गणीत घेत नाहीत. गर्भपात नाहीच, गर्भनिरोधकंही बहुधा नाहीत. मानसिक आजाराला अनेक ठिकाणी जागा नाही किंवा फार थोडी आहे. तुमच्या घरात कुणी नैराश्याच्या गोळ्या घेत असेल तर माझं ऐका, इथेच थांबा.

पायरी तिसरी: पुस्तिका, आणि तीही पेन घेऊन

'गाइडलाइन्स' नावाची एक पुस्तिका वेबसाइटवर असते. ती डाऊनलोड करून छापून घ्या. एजंट फोनवर काय म्हणाला त्याला किंमत नाही, पुस्तिकेत काय छापलंय त्याला आहे. आणि पुस्तिका संस्थेला बदलता येते, हेही तिच्यातच लिहिलेलं असतं.

विम्याचे शब्द इथे वेगळी नावं घेऊन भेटतात. हप्त्याला 'मंथली शेअर' म्हणतात. डिडक्टिबलला, म्हणजे आधी स्वतः भरायच्या रकमेला, कुणी 'पर्सनल रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणतं, कुणी 'अनशेअरेबल अमाउंट', मेडी-शेअरमध्ये 'अॅन्युअल हाउसहोल्ड पोर्शन'. क्लेमला 'नीड'. ही रक्कम वर्षाला एकदा धरतात की प्रत्येक आजाराला वेगळी, हे आधी शोधा. एका वर्षात मुलाचा हात मोडला आणि तुमचं अपेंडिक्स निघालं, तर काही ठिकाणी ती दोनदा भरावी लागते. एका आजाराला कमाल किती देणार, ही मर्यादाही शोधा. विम्यात आवश्यक उपचारांवर अशी वार्षिक किंवा आयुष्यभराची मर्यादा घालायला कायद्याने बंदी आहे. इथे ती असू शकते, आणि ती उठवायला वरून जादा पैसे मागणाऱ्या योजनाही आहेत.

सगळ्यात जास्त वेळ 'प्री-एक्झिस्टिंग'च्या पानावर घालवा. आपण समजतो, आधीपासून असलेला आजार म्हणजे डॉक्टरने नाव दिलेला आजार. पुस्तिकेत लक्षणंही मोजतात. निदान झालेलं असो वा नसो, उपचार घेतलेले असोत वा नसोत.

माझंच सांगते. सभासद होऊन तिसरं वर्ष चालू होतं. एका रात्री पोटात उजवीकडे अशी कळ आली की बाथरूमच्या फरशीवरून उठवेना. पित्ताशयात खडे निघाले, पित्ताशय काढावं लागलं. बिल पाठवल्यावर संस्थेने मागच्या ५ वर्षांचे डॉक्टरांचे कागद मागितले. मी निर्धास्त होते, कारण मला कधी काही झालेलंच नव्हतं. सहा आठवड्यांनी पत्र आलं. सभासद होण्याआधी दीड वर्ष मी खोकल्यासाठी दवाखान्यात गेले होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गप्पांच्या ओघात विचारलं असणार आणि टिपून ठेवलं होतं: 'जड जेवणानंतर कधीकधी उजव्या कुशीत दुखतं.' एक ओळ. ती मी बोलल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. त्या ओळीवर पाच महिने पत्रव्यवहार चालला. डॉक्टरीणबाईंनी 'तेव्हा पित्ताशयाचा संशय नव्हता, तपासणीही सांगितली नव्हती' असं पत्र दिलं, तेव्हा कुठे गाडं हललं. मधल्या काळात हॉस्पिटलची तगाद्याची पत्रं माझ्या नावाने येत होती, संस्थेच्या नव्हे.

म्हणून अर्ज करण्याआधी आपले मागच्या ५ वर्षांचे कागद पेशंट पोर्टलवरून, म्हणजे दवाखान्याच्या साइटवरच्या तुमच्या खात्यातून, उतरवून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. तुमच्याविषयी काय लिहून ठेवलंय ते संस्थेच्या आधी तुम्हाला माहीत हवं.

आपल्या लोकांत चाळिशीनंतर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल घरोघरी. यावर प्रत्येक संस्थेचा नियम निराळा असतो. कुणी गोळीने आटोक्यात असलेला रक्तदाब आड येऊ देत नाही, कुणी जादा पैसे लावून आरोग्य-प्रशिक्षक मागे लावतं, कुणी लक्षणमुक्त इतकी वर्षं गेल्यावर टप्प्याटप्प्याने मर्यादा वाढवतं. मधुमेहाला मात्र बहुतेक ठिकाणी दार अरुंद आहे. कायमची औषधं तर जवळपास कुठेच वर्गणीत बसत नाहीत. नव्या आजाराची औषधं काही दिवस किंवा महिने, मग तुमची तुम्ही. दरमहा इन्सुलिन किंवा दम्याचा पंप लागणाऱ्या घराचं गणित इथेच फिसकटतं.

बाळंतपणाचा विचार असेल तर तारखा बघा. सभासद झाल्यावर ठरावीक काळानंतर दिवस गेले असतील तरच ते वर्गणीत बसतं. दिवस गेल्यावर दाखल होऊन काही उपयोग नाही. वर्षाची तपासणी, लसी, मॅमोग्राम हेही बहुधा तुमच्याच खिशातून. मार्केटप्लेसच्या विम्यात ते फुकट असतं.

पायरी चौथी: तीन वर्षांचं गणित मांडा

जाहिरातीत दोनच आकडे असतात, त्यांचा महिना आणि विम्याचा महिना. तुम्ही कागदावर तीन रकाने आखा: बरं वर्ष, वाईट वर्ष आणि नकाराचं वर्ष.

समजा चौघांचं कुटुंब आहे. हेल्थशेअर महिन्याला ६५० डॉलर, म्हणजे वर्षाला ७,८००. स्वतःचा वाटा ६,०००. लसी, तपासण्या, किरकोळ औषधं १,५००. दुसरीकडे सवलतीविना विमा महिन्याला १,६००, म्हणजे वर्षाला १९,२००, आणि खिशातून जास्तीत जास्त १८,४०० (२०२५ साली कुटुंबासाठी कायद्याची वरची मर्यादा हीच होती).

बऱ्या वर्षी हेल्थशेअरमध्ये ९,३०० गेले, विम्यात १९,२००. दहा हजारांचा फरक! वाईट वर्षी हेल्थशेअरमध्ये १५,३००, विम्यात ३७,६००. इथवर येऊन लोक फॉर्म भरतात. पण तिसरा रकाना राहिला. दोन लाखांचं बिल आलं आणि संस्थेने 'बसत नाही' म्हटलं, तर विम्याच्या रकान्यात ३७,६०० हे छत आहे. विम्याच्या यादीबाहेरच्या डॉक्टरांच्या काही भानगडी सोडल्या तर त्याच्या वर जायचं नाही. हेल्थशेअरच्या रकान्यात छतच नाही. म्हणून मी सगळ्यांना विचारते, वाचलेले दहा हजार तुम्ही वेगळ्या खात्यात ठेवणार आहात का? ठेवणार असाल तर तुमच्या निवडीत काही अर्थ आहे. ते पैसे गाडीच्या हप्त्यात जाणार असतील तर तुमची बचत झालेली नाही, तुम्ही फक्त विम्याविना राहताय.

करांचंही बघा, कारण माझा धंदाच तो. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याला विम्याचा हप्ता मिळकतीतून वजा करता येतो, ही वर्गणी तशी वजा होत नाही. वर्गणी वैद्यकीय खर्च म्हणून धरावी असा नियम आयकर खात्याने २०२० च्या जूनमध्ये प्रस्तावित केला होता, तो अंतिम झालेला नाही. ही ना-नफा संस्थेला दिलेली देणगीही धरत नाहीत, तेव्हा दशांशाच्या, म्हणजे चर्चला दिलेल्या दानाच्या, पावत्यांत मिसळू नका. नुसत्या हेल्थशेअरवर एचएसए या करमुक्त वैद्यकीय बचत खात्यात पैसे टाकता येत नाहीत, त्याला ठरावीक प्रकारचा विमा लागतो. विमा नसल्याचा केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य आहे. पण कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसीत स्थानिक दंड आहे. तिथे राहत असाल तर तुमची संस्था सवलतीत बसते का ते लेखी विचारा.

पायरी पाचवी: संस्था खरी की नावाची

विमा नसल्याच्या दंडातून हेल्थशेअरच्या सभासदांना सूट देताना केंद्राच्या कायद्याने काही अटी घातल्या होत्या. संस्था ना-नफा हवी, ३१ डिसेंबर १९९९ पासून खंड न पडता सभासदांची बिलं वाटून घेत आलेली हवी, आजारी पडल्यावर सभासदाला काढता येणार नाही, आणि दरवर्षी स्वतंत्र सीएकडून हिशेब तपासून, मागणाऱ्याला तो दाखवला पाहिजे. दंड गेल्यामुळे अटींचा धाक कमी झालाय, पण चाळणी म्हणून त्या अजून उत्तम आहेत. नवी संस्था वाईटच असते असं नाही, फक्त तिचा वाईट काळ अजून कुणी पाहिलेला नसतो.

ट्रिनिटी हेल्थशेअरचं उदाहरण पाहा. पुढे तिने शॅरिटी मिनिस्ट्रीज असं नाव घेतलं. समोर ना-नफा, श्रद्धेचं नाव. मागून सगळा कारभार जॉर्जियातल्या अॅलिएरा नावाच्या नफा कमावणाऱ्या कंपनीच्या हातात. २०१९ पासून एकेका राज्याचं विमा खातं हरकत घेत गेलं. जुलै २०२१ मध्ये शॅरिटीने दिवाळखोरी जाहीर केली, वर्षाअखेरीस अॅलिएराही त्याच वाटेने गेली. हजारो कुटुंबांची बिलं तशीच राहिली. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी दावा लावला. सभासदांच्या एका डॉलरमधले अवघे १६ सेंट उपचारांवर गेले, असा त्यातला आरोप. विमा कंपनीला वैयक्तिक विम्यात डॉलरचे निदान ८० सेंट उपचारांवर आणि सेवेच्या दर्जावर खर्च करावे लागतात. ही कायद्याची अट हेल्थशेअरला लागू नाही.

त्यामुळे तपासायचं ते एवढंच: वर्गणीतला किती भाग बिलांवर गेला, कारभार कोण करतं, आणि एजंटला कमिशन आहे का. पहिल्यासाठी तपासलेला हिशेब आणि आयकर खात्याकडे भरलेला फॉर्म ९९० मागा. तो सार्वजनिक असतो, ऑनलाइन मिळतो. बिलं किती दिवसांत भागवतात, हेही विचारा. 'प्रार्थनापूर्वक, लवकरात लवकर' हे उत्तर मिळालं तर दिवसांत सांगा म्हणा. आपल्या राज्याच्या विमा खात्याच्या साइटवर संस्थेचं नाव टाकून नोटिसा निघाल्यात का बघा. कोलोरॅडोने २०२२ मध्ये कायदा करून या संस्थांना दरवर्षी आकडेवारी द्यायला लावली, त्यांच्या विमा खात्याचे अहवाल कुठल्याही राज्यातल्या माणसाने वाचण्यासारखे आहेत.

पायरी सहावी: हॉस्पिटलच्या खिडकीवर

कार्ड पुढे केलं की खिडकीतली मुलगी ते उलटंपालटं करून बघते आणि विचारते, "इज धिस इन्शुरन्स?" तिथे खरं उत्तर द्या. तुम्ही 'सेल्फ-पे' आहात, म्हणजे स्वतः पैसे भरणारे. तुमचं नाव बिलावर, जबाबदारी तुमची. काही संस्थांचे डॉक्टरांशी ठरलेले दर असतात, तेवढ्यापुरतं कार्ड कामाचं.

पण सेल्फ-पे असण्याचे दोन-चार हक्क आहेत, ते वापरा. जानेवारी २०२२ पासून विमा नसलेल्या पेशंटला ठरवून केलेल्या उपचारांचा अंदाज लेखी मागता येतो. प्रत्यक्ष बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त चढलं, तर बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांत केंद्राकडे तक्रार नेता येते. सेल्फ-पेची सूट विचारा, ती विचारल्याशिवाय मिळत नाही. बिल तपशीलवार मागा. मला आलेल्या पहिल्या बिलात चारच ओळी होत्या. तपशील मागवला तर तीन पानं आली, आणि त्यात एकच रक्त तपासणी दोनदा लावलेली सापडली. आणि ना-नफा हॉस्पिटलांना गरजूंसाठी आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं. त्याचा फॉर्म भरायला लाजू नका. मध्यमवर्गीय मिळकतीलाही कधीकधी थोडी सूट बसते. उलट बऱ्याच हेल्थशेअर संस्था तुम्हीच आधी अशी सूट मागावी अशी अपेक्षा ठेवतात.

प्रत्येक फोनची तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि काय ठरलं ते वहीत लिहा. माझी ती निळी वही अजून आहे.

साध्या दुखण्याखुपण्यासाठी डायरेक्ट प्रायमरी केअरचा डॉक्टर जवळ असेल तर बघा. महिन्याला ठरलेली फी देऊन हवं तेव्हा दाखवता येतं. हेल्थशेअरवाली बरीच कुटुंबं अशी जोडी लावतात, आणि ती चांगली चालते.

पायरी सातवी: बाहेर पडायची तारीख आत्ताच लिहा

हे कुणी सांगत नाही. विमा गेला तर मार्केटप्लेसमध्ये अधेमधे शिरायची खास मुभा मिळते. हेल्थशेअर सुटलं तर ती मिळत नाही, कारण कायद्याच्या लेखी तुमचा विमा नव्हताच. फेब्रुवारीत कॅन्सरचं निदान झालं, संस्थेने हात वर केले, तर लग्न, बाळ, दुसऱ्या ठिकाणी राहायला जाणं असलं काही निमित्त नसेल तर पुढच्या नोंदणीची वाट बघत बसायचं. आणि राहायला जाण्याच्या निमित्तालाही सहसा आधी विमा असावा लागतो. नोंदणी बहुतेक राज्यांत १ नोव्हेंबरला उघडते. ती बंद व्हायची तारीख राज्याराज्यात वेगळी असते आणि बदलतेही, तेव्हा दरवर्षी पाहा. नोंदणी उघडली की जुना आजार आहे म्हणून तुम्हाला नाकारता येत नाही किंवा जास्त हप्ता लावता येत नाही. आत असाल तोवर दरवर्षी १ नोव्हेंबरला पुन्हा एकदा ते तीन रकाने भरा.

आम्ही असंच केलं. चौथ्या वर्षी धाकट्याला दम्याचं निदान झालं, औषधं कायमची झाली आणि नोव्हेंबरात आम्ही मार्केटप्लेसचा विमा घेतला. संस्थेवर राग नाही. पित्ताशयाच्या बिलाचा मोठा हिस्सा अखेर त्यांनी भागवला, आणि ऑपरेशननंतर अनोळखी सभासदांची तीन कार्डं आली होती, ती मी जपून ठेवली आहेत. पण तो पाच महिन्यांचा पत्रव्यवहार पुन्हा नको.

बाहेर पडताना नवा विमा सुरू झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत वर्गणी थांबवू नका. सभासद असतानाची बिलं नंतरही पाठवता येतात, पण त्याला मुदत असते, ती आधी विचारून ठेवा.

राहिला आईवडिलांचा प्रश्न, कारण फोन ठेवता ठेवता तो येतोच. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना हेल्थशेअरचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी व्हिजिटर विमा पाहा आणि त्यातलंही जुन्या आजाराचं कलम वाचा. ग्रीन कार्डवर आलेल्या ६५ वरच्या आईबाबांना सलग ५ वर्षं राहिल्यावर हप्ता भरून मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी विमा, घेता येतं. तोवर त्यांना मार्केटप्लेसचा विमा मिळतो. ६५ नंतर हेल्थशेअरमध्ये घेताना संस्था बहुधा मेडिकेअर आहे का हेच आधी विचारतात, त्यामुळे मधली ५ वर्षं त्यांच्यावर ढकलायचा बेत असेल तर तो जमणार नाही.